आजीचा नकारही अभ्यासक्रमातच आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातील एका गावातून लिहीत आहे. कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून मानसशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. आई अंगणवाडी सेविका आहे आणि बाबा शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत काम करतात. मला पहिल्यापासून लोकांना मदत करण्याची आवड आहे. मैत्रिणी आपल्या अडचणी मलाच सांगतात. पुढेही लोकांना मदत होईल असेच काम करावे, म्हणून बालविकास व कुटुंब अभ्यास या विषयात एम.एस्सी. करण्याचे मनात आहे. घरी हे बोलले तेव्हा बाबा म्हणाले, "पोरं सांभाळायला डिग्री कशाला पाहिजे? तुझी आई बारावीवर सांभाळतीयाच की. बी.एड. कर, नोकरीचं तरी बघता येईल." आई काही बोलली नाही.

सुट्टीत मी आईबरोबर अंगणवाडीत जाते. तिथे तीन वर्षांचा एक मुलगा आहे. तो बोलत नाही. सगळे म्हणतात, लाजाळू आहे. एकदा खिचडीचे झाकण त्याच्या पाठीमागे फरशीवर आदळले, सगळी मुले दचकली आणि हा मात्र खडूने रेघा ओढत राहिला. मी आईला सांगितले. तपासणीचे पथक आले तेव्हा डॉक्टरांनी कान तपासून घेण्यासाठी चिठ्ठी दिली, पण मुलाच्या आजीने ती परत पाठवली. "ह्याचा बापसुद्धा चार वर्षांचा झाल्यावर बोलला," असे तिचे म्हणणे. वडील इचलकरंजीला यंत्रमागावर असतात आणि आई सासूपुढे बोलत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. इतके मनाला लावून घेणाऱ्या मुलीने या क्षेत्रात जावे का? आणि जायचे तर एम.एस्सी., समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. की मानसशास्त्रात एम.ए.?

— एक वाचक, करवीर

प्रिय वाचक,

उत्तराआधी एक गोष्ट सांगते. तुझ्या मूळ पत्रात त्या मुलाचे नाव, आजीचे नाव आणि वाडीचा पत्ताही होता. तो सारा मजकूर मी गाळला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ज्या बालकाचे प्रकरण चालू असते त्याची ओळख छापून उघड करणे हा गुन्हा आहे. हा मुलगा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही हे खरे, पण ज्या क्षेत्रात तुला जायचे आहे तिथे दुसऱ्याच्या घरातील गोष्ट नाव न घेता सांगता येणे ही अगदी पहिल्या दिवसापासून लागणारी सवय आहे. म्हणून ती आत्ताच लावून घे.

आता तुझ्या पत्राविषयी. लोकांना मदत करायची आहे असे तू पुन्हा पुन्हा लिहिले आहेस आणि ते प्रामाणिक आहे, यात मला शंका नाही. परंतु तेवढ्या वाक्यावरून तुला परिचारिका व्हायचे आहे, वकील व्हायचे आहे की तलाठी, हेसुद्धा कळत नाही. लोकांच्या उपयोगी पडण्याची सोय या तिन्ही कामांत आहे. याउलट त्या मुलाविषयीच्या ओळींत मला तू स्पष्ट दिसलीस. झाकण कुठे पडले, बाकीची मुले काय करत होती, हा काय करत होता, एवढे तू टिपलेस; लाजाळूपणाचे सर्वांना पटलेले कारण तू मान्य केले नाहीस; आणि आपल्या अधिकारात काय बसते हे ओळखून ती गोष्ट योग्य माणसाच्या कानावर घातलीस. निवड करताना तुझ्या मैत्रिणी तुला काय सांगतात यापेक्षा या प्रसंगाला अधिक वजन दे, असे माझे मत आहे. मैत्रिणींचे ऐकून घेणे हा चांगला गुण आहे, परंतु पुष्कळ मुलींमध्ये तो असतो. पंचवीस मुलांच्या गोंगाटात एका मुलाचे न दचकणे दिसणे ही तितकी सर्रास आढळणारी गोष्ट नाही.

हा विषय प्रत्यक्षात काय शिकवतो, तेही या एकाच प्रसंगावरून सांगता येईल. आजीचे म्हणणे आपण थेट चुकीचे ठरवू नये, कारण ते अर्धे खरे आहे. प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढते, हे शास्त्रालाही मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये वाढीचे निकष प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा सामान्य काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंतचा दिला आहे. म्हणजे शेजारचे मूल नवव्या महिन्यात चालले आणि आपले सोळाव्या महिन्यात, तरी दोन्ही ठीक असू शकतात. बोलण्यातही असा फरक असतो. पण त्या फरकालाही सीमा असते, आणि ती कुठे संपते हे माहीत असणे म्हणजेच बालविकासाचे ज्ञान. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे ही सर्वसाधारण अपेक्षा असते. तीन वर्षांचे मूल बोलतच नसेल आणि आवाजाकडे वळतही नसेल, तर वाट पाहणे हा पर्याय उरत नाही. सर्वांत आधी कान तपासायचे असतात. कदाचित कानात पू होऊन ऐकू येणे कमी झाले असेल आणि उपचाराने ते भरून येईल, कदाचित श्रवणयंत्र लागेल, कदाचित कान उत्तम असून अडचण दुसरीच असेल. तपासल्याशिवाय यांतले काहीच सांगता येत नाही, आणि भाषा शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे मात्र निघून जात राहतात.

या सीमा परदेशी पुस्तकांतून जशाच्या तशा उचलून चालत नाही, म्हणून आपल्याकडे त्यावर स्वतंत्र काम झाले आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासमापनाची श्रेणी तयार केली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या या श्रेणीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत, आणि देशातील बालविकास केंद्रांत ती आजही वापरली जाते. एका मराठी आडनावाच्या बाईंचे हे काम आपल्याकडे मराठी माध्यमाच्या विद्यार्थिनींना क्वचितच सांगितले जाते, याची मला खंत वाटते.

पण समज, तुला या सगळ्या कसोट्या तोंडपाठ आहेत. तरीही चिठ्ठी परत आलीच असती, कारण ती मुलाच्या कानामुळे परत आलेली नाही. त्या घरात दवाखान्याचा निर्णय आजीचा आहे, तिथे ती अडली. इथून विषयाचा दुसरा भाग, म्हणजे कुटुंब अभ्यास, सुरू होतो. आजी नको म्हणते तेव्हा ती नेमके कशाला नको म्हणते आहे? नातवावर कायमचा शिक्का बसेल, याची तिला भीती असेल. दोष सुनेच्या माहेरावर की आपल्या घराण्यावर, हा वाद नको असेल. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, तिथे केसपेपर कुठे काढायचा इथपासून सगळे अनोळखी असते, आणि तिचा मुलगा तर लांबच्या पाळीवर. किंवा आपला मुलगा खरोखरच उशिरा बोलला आणि पुढे व्यवस्थित कमावता झाला, या स्वतःच्या अनुभवावर तिचा विश्वास असेल. या चार कारणांना चार वेगळी उत्तरे आहेत, आणि कोणते कारण खरे हे तिच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळणार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त तुला पुढे शिकावा लागेल. मूल घरात वाढते, घर गावात असते, आणि मुलाने कधी न पाहिलेल्या ठिकाणचे निर्णयही, जसे वडिलांच्या कामाच्या वेळा, त्याच्या वाढीपर्यंत पोहोचतात, असा त्याचा आशय आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागाची बारा तासांची पाळी आणि करवीरमधील मुलाचे कान यांचा संबंध तिथे उलगडतो.

त्या मुलासाठी आत्ता काय करावे, हे सांगून पुढे जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पुढच्या फेरीची वाट पाहू नये, कारण दिलेल्या चिठ्ठीवर आधीही जाता येते. तुझ्या आईने एकदा आजीकडे तपासणीचा विषय न काढता जावे आणि मुलाच्या वडिलांच्या लहानपणाविषयी विचारावे. कान वाहत होते का, हाक मारल्यावर तो वळायचा का, एवढे विचारले तरी फरक आजीच्याच लक्षात येण्याची शक्यता आहे. लहान मुलांची ऐकण्याची तपासणी, जिला रुग्णालयात बेरा म्हणतात, ती मूल झोपलेले असताना करतात आणि तिने दुखत नाही, हे आजीला सांगावे. सोबत कोण जाणार ते आधी ठरवावे, आणि शक्य असेल तर वडिलांच्या सुट्टीचा दिवस धरावा. हे बोलणे तू करू नकोस, आईला करू दे. तू अविवाहित आणि शिकणारी. त्या घरात तुझ्या शब्दाला अजून वजन नाही, आणि हे वाईट वाटून घेण्यासारखे नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळते. हा प्रश्न अडाणीपणाचा समजू नकोस. आपल्या मुलीचा खर्च आणि तिची दोन वर्षे कशावर लावायची, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. उत्तर मात्र त्यांच्याच कामातून देता येईल. कास्टिंगमधले ब्लो होल, म्हणजे ओतकामात आत राहिलेले हवेचे छिद्र, मशिनिंगच्या आधी सापडले तर नुकसान थोडे, आणि गिऱ्हाइकाकडे माल गेल्यावर सापडले तर सगळेच अंगावर येते, हे त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळते. मुलांच्या बाबतीत तो दोष लवकर ओळखणारे प्रशिक्षित डोळे हवे असतात. त्यांच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट मात्र दुरुस्त करायला हवी. आई बारावीवर नुसती मुले सांभाळत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरणाला साहाय्य, आरोग्य तपासणी, पुढच्या रुग्णालयाकडे पाठवणी आणि मातांचे आहार-आरोग्य शिक्षण ही सहा कामे अंगणवाडीच्या पदरात आहेत. त्याआधी तीस वर्षे, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुझी आई त्या परंपरेतली आहे. इतके काम करूनही तिला मिळते ते मानधन, वेतन नव्हे. त्यामुळे या कामाला शिक्षण लागत नाही असे बाबांना वाटले, तर सगळा दोष त्यांचा नाही. आई गप्प का बसली, हे तिला एकटीला गाठून विचार. मुलांच्या वाढीविषयी तुझ्या ओळखीत सर्वांत जास्त पाहिलेली व्यक्ती तीच आहे.

बी.एड.चा सल्लाही उडवून लावण्यासारखा नाही. पण बी.एड. झाल्यावर तू प्रामुख्याने माध्यमिक शाळेत जाशील, आणि तुझे लक्ष ज्या वयाकडे जाते ते त्याच्या फार अलीकडचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा स्वतंत्र मानला आहे खरा. मात्र या टप्प्यासाठी घसघशीत पगाराच्या जागा निघाल्या आहेत असे बाबांना सांगू नकोस, कारण तसे झालेले नाही.

तू विचारलेल्या तीन वाटांपैकी मानसशास्त्रातील एम.ए.विषयी आधी बोलते. शिवाजी विद्यापीठात हा विषय आहे, घरून ये-जा करता येईल आणि तुझी पदवीही त्याच विषयाची आहे. त्यामुळे ही वाट सर्वांत सोपी दिसते. अडचण पुढे येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते, आणि नुसत्या एम.ए.वर ही नोंदणी मिळत नाही. त्यासाठी परिषदेने मान्य केलेले वेगळे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे लागते, ज्याच्या जागा मोजक्या असतात. ती मजल मारायची तयारी असेल तर एम.ए. जरूर कर. दूरशिक्षणाने उरकू, असे कोणी सुचवले तर लक्षात ठेव की २०२५ च्या शैक्षणिक सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे बंद केले आहे. तीन महिन्यांत समुपदेशक करून देणाऱ्या जाहिरातींचा तर विचारही करू नये. तसले प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुसऱ्याच्या संसारात बोलायला बसणे मला धोक्याचे वाटते.

एम.एस.डब्ल्यू. कोल्हापुरात आपण ज्याला सायबर म्हणतो त्या संस्थेत आहे. समाजकार्याच्या शिक्षणाचे बळ त्याच्या क्षेत्रकार्यात असते: आठवड्यातील ठरावीक दिवस एखाद्या संस्थेत, वस्तीत किंवा रुग्णालयात काम करायचे आणि त्याचा अहवाल शिक्षकांपुढे ठेवायचा. कायदा, शासकीय योजना, वस्तीतील संघटन यांची ओळख इथे चांगली होते. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, पोलीस ठाण्यातील महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष अशा जागांकडे जायचे असेल तर ही पदवी जास्त उपयोगाची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या शिक्षणात बालक आणि कुटुंब ही स्वतंत्र शाखाही आहे, परंतु तिथली स्पर्धा देशभरातील असते आणि सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

तुझ्या मनातील एम.एस्सी. आपल्याकडे गृहविज्ञानाच्या छत्राखाली, बहुधा मानव विकास या नावाने शिकवली जाते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरात आणि निर्मला निकेतनमध्ये हा विषय आहे. बडोद्यात तर मानव विकास आणि कुटुंब अभ्यास याच नावाचा विभाग आहे. काही ठिकाणी पदवीला गृहविज्ञानच असावे लागते आणि काही ठिकाणी मानसशास्त्राच्या पदवीधरांनाही दार उघडे असते. म्हणून माहितीपत्रकातील पात्रतेचे पान आधी वाच आणि मगच बाकीचे. (हे पत्र वाचणाऱ्या बारावी विज्ञानाच्या मुलामुलींसाठी: परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाची चार वर्षांची पदवी आहे, त्यातही हा विषय येतो, आणि तिथे मुलांनाही प्रवेश असतो. हा विषय फक्त मुलींचा आहे हा समज जितक्या लवकर जाईल तितके बरे, कारण इचलकरंजीच्या बापांशी बोलायला पुरुष कार्यकर्तेही हवेच आहेत.)

इंटरनेटवर या विषयाची जी माहिती तू वाचली असशील ती बरीचशी अमेरिकेतील विद्यापीठांची असणार. तिथे या नावाची पदवी आहे आणि रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना धीर देणारे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट किंवा पालकांचे वर्ग घेणारे फॅमिली लाइफ एज्युकेटर असे तयार व्यवसायही आहेत. आपल्याकडे या नावांच्या जागा शोधत बसलीस तर निराश होशील. तीच कामे इथे वेगळ्या पाट्यांखाली, तुकड्यातुकड्यांनी होतात.

त्या पाट्या कोणत्या, ते बाबांना सांगता यावे म्हणून लिहिते. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आणि त्यांच्यावरचे बालविकास प्रकल्प अधिकारी या शासकीय जागा आहेत; त्या स्पर्धा परीक्षांतून भरल्या जातात आणि वर्षानुवर्षे वाट पाहायला लावतात. प्रत्येक जिल्ह्यात मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या शासकीय योजनेखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, आणि तिथे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्र कार्यकर्ता अशी पदे असतात. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांच्याबरोबर बालविकासाच्या पदवीधरांनाही तिथे संधी असते. अनुभव वाढल्यावर बाल कल्याण समितीवर काम करता येते, आणि त्या समितीच्या सदस्यांच्या पात्रतेत बाल न्याय अधिनियमाने मानव विकास या विषयाचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. विकासात मागे पडणाऱ्या बालकांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. दिव्यांग मुलांच्या शाळांत शिकवायचे तर पुनर्वास परिषदेचा विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम वेगळा करावा लागेल. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. ती किती ठिकाणी खरोखर आहे हे बाबांना त्यांच्या एमआयडीसीत विचार, म्हणजे कामाला किती वाव आहे आणि त्या कामासाठी पैसे मोजायला किती कमी लोक तयार आहेत, या दोन्ही गोष्टी एकदम कळतील.

पैशाबाबत स्पष्ट बोलते. यांतील बऱ्याच जागा मानधनावर आणि अकरा महिन्यांच्या करारावर असतात, निधी रखडला की मानधनही रखडते, आणि स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार कायम शिक्षकाच्या पगारापेक्षा पुष्कळ कमी असतो. घरात तुझ्या कमाईची तातडीने गरज असेल तर हे लपवून प्रवेश घेऊ नकोस. पहिली पाच वर्षे कमी मिळकतीत काढता येतील का, याचा हिशेब बाबांसोबत कागदावर मांड.

रडण्याविषयी तू विचारलेस, त्याचे उत्तर मी शेवटाकडे ठेवले, कारण ते प्रवेशाच्या आड येत नाही. मुलाची चिठ्ठी परत आल्यावर रडू येणे स्वाभाविक आहे. रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू अंगणवाडीत गेलीस की नाही, हे तू लिहिलेले नाहीस, आणि मला रडण्यापेक्षा त्यात रस आहे. या कामात पाहवत नाही असे पुष्कळ समोर येते. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या खोपींत राहणारी मुले, वीटभट्टीवर आईबापांच्या मागे फिरणारी मुले, पुराच्या दिवसांत शिरोळकडच्या छावण्यांत हलवलेली मुले तुला भेटतील. कधी एखादे मूल असे काही सांगेल की ते ऐकल्यावर गप्प राहणे हाच गुन्हा ठरेल. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग घरचे कितीही विनवोत. अशा वेळी नुसते कोमल मन पुरत नाही. नोंद कशी करायची, कोणाला किती वाजता कळवायचे, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर काय सांगायचे आणि संध्याकाळी आपल्या वरिष्ठांपाशी बसून स्वतःचे मन कसे मोकळे करायचे, हे शिकावे लागते आणि ते शिकवता येते. म्हणून संस्था निवडताना इमारतीपेक्षा हे विचार की विद्यार्थिनींच्या क्षेत्रकार्यावर देखरेख कोण करते आणि आठवड्याला किती वेळ देते. उत्तर गुळमुळीत आले तर ती संस्था सोड.

माझा कौल मानव विकासाच्या एम.एस्सी.कडे आहे. तुझे डोळे मुलाकडे आधी जातात आणि माणसांच्या भांडणाकडे नंतर, असे पत्रावरून दिसते. ज्यांचे उलटे असते त्यांना मी एम.एस.डब्ल्यू. सुचवते. परंतु बाहेरगावी राहणे जमणार नसेल किंवा पात्रतेत अडकलीस, तर सायबरमध्ये प्रवेश घे आणि क्षेत्रकार्यासाठी बालकांबरोबर काम करणारी संस्था माग. आपल्या जिल्ह्यात अशा संस्थांची वाण नाही. वीटभट्टीवरील मुलांसाठी अवनि आहे, निराधार मुलांसाठी बालकल्याण संकुल आहे, दिव्यांगांसाठी नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड आहे. त्यांपैकी एखाद्या ठिकाणी प्रवेशाच्या आधीच, संचालकांची परवानगी घेऊन, महिनाभर जाऊन ये. तिथे मुलांचे फोटो काढू नकोस. एका वहीत रोज एका मुलाविषयी पंधरा मिनिटे काय दिसले एवढेच लिही, आणि त्यात 'लाजाळू', 'हट्टी', 'हुशार' असे एकही विशेषण येऊ देऊ नकोस. हे वाटते त्यापेक्षा बरेच कठीण आहे. महिन्याच्या शेवटी ती वही लिहिण्याचा कंटाळा आलेला असेल, तर बी.एड.चा अर्ज भरायला अजून वेळ असेल.

वसतिगृहाच्या कल्पनेने घरात कुरकुर होणार, हे गृहीत धर. गावाकडच्या मुलांनी वसतिगृहात राहून शिकावे म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून याच शहरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली; तेव्हा शिकण्यासाठी घराबाहेर राहणे ही कोल्हापुरात तरी नवी गोष्ट नाही, एवढे बाबांना सांगून बघ. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने एकदा त्यांना मुंबईला घेऊन जा, विभाग दाखव, तिथल्या शिक्षिकांशी त्यांनाच बोलू दे आणि तू बाजूला थांब. अर्ज मात्र दोन्हीकडे भर, एक मुंबईला आणि एक इथे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह भत्त्याच्या योजना महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतात, तुझ्या अभ्यासक्रमाला त्यांतील कोणती लागू होते ते महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घे, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. जूनमध्ये सेवा केंद्रावर रांग लागते.